रस्त्यातले चकवे

गल्लीच्या तोंडाशी डांबराचा जो ओबडधोबड उंचवटा आपण रोज शिव्या हासडत ओलांडतो, त्याच्या घराण्यात एक नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ आहेत. आर्थर कॉम्प्टन. क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आदळून विखुरले की त्यांची तरंगलांबी वाढते, हे त्यांनी दाखवून दिलं आणि १९२७ चं नोबेल मिळवलं. १९२६-२७ मध्ये ते लाहोरच्या पंजाब विद्यापीठात मुक्कामाला होते, तेव्हा आपल्याकडच्या रस्त्यांची चव त्यांच्या कमरेने घेतली असणारच. पुढे ते अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्रमुख झाले. विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसमोरून गाड्या सुसाट जायच्या. पाटी लावून, दटावून काही होईना, तेव्हा १९५३ मध्ये कॉम्प्टन यांनी रस्त्यावर आडवे उंचवटे घालण्याचा आराखडा स्वतः काढला.

मूळपुरुष मात्र ते नव्हेत. १९०६ मध्येच न्यू जर्सीतल्या चॅटम या गावाने पादचाऱ्यांच्या ओलांडणीच्या जागा रस्त्याच्या पातळीपेक्षा पाच इंच उचलायचं ठरवलं होतं. मोटारगाडी तेव्हा श्रीमंतांचं खेळणं होती. गावातून धुरळा उडवत जाणाऱ्या या खेळण्याला लगाम घालायचा तर हाकणाऱ्याच्या सद्सद्विवेकावर विसंबून चालणार नाही, हे चॅटमकरांना तेव्हाच कळलं. कायदा सांगतो, पाटी विनवते, पोलिस दंड करतो. पण पोलिस जेवायला गेला की पाटीकडे कोण बघतं? उंचवटा जेवायला जात नाही. रस्त्याच्या घडणीतच काही तरी वाकडं करून ठेवायचं, म्हणजे चालकाला झक मारत हळू जावं लागेल, ही कल्पना तेव्हापासूनची आहे.

कॉम्प्टन यांच्या उंचवट्यानंतर वीस वर्षांनी ब्रिटनच्या सरकारी रस्ते-संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स नावाच्या संशोधकाने या विषयात खरं काम केलं. त्याचा अहवाल १९७३ चा. प्रश्न साधा होता: उंचवट्याचा आकार कसा असावा? वेगवेगळ्या लांबी-उंचीचे उंचवटे चाचणीच्या रस्त्यावर घालून त्यांवरून वाहनं नेली, वेगवेगळ्या वेगाने. निष्कर्ष मात्र गमतीचा आणि आपल्या फार कामाचा. अरुंद, टोकदार उंचवट्यावरून गाडी हळू नेली तर धक्का बसतोच, पण वेगाने नेली तर चाक वर उडतं, स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर तो दणका गिळून टाकतात आणि आत बसलेल्याला फारसं काही जाणवत नाही. म्हणजे हळू जाणाऱ्याला शिक्षा आणि भरधाव जाणाऱ्याला माफी. याउलट उंचवटा चांगला लांबरुंद, कासवाच्या पाठीसारखा सावकाश चढत-उतरत गेला, तर पुढच्या-मागच्या चाकांसकट सबंध गाडी उचलली जाते आणि जितका वेग जास्त तितकी बसणाऱ्याची गैरसोय जास्त. त्यातून निघालेलं माप बारा फूट लांब आणि चार इंच उंच. १९७५ मध्ये ऑक्सफर्डच्या एका निवासी रस्त्यावर ते प्रत्यक्ष घालून पाहिलं. जगभर पसरला तो हाच वॉट्सचा उंचवटा.

आता इंडियन रोड्स काँग्रेसची गतिरोधकांविषयीची मार्गदर्शक पुस्तिका उघडा. क्रमांक ९९, पहिली आवृत्ती १९८८ ची. रुंदी (वॉट्सच्या भाषेत लांबी) ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, वर्तुळखंडाची त्रिज्या १७ मीटर. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर, चार इंच म्हणजे १०.१६ सेंटिमीटर. तोच उंचवटा, मेट्रिक पोशाखात. ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने तो सुखरूप ओलांडता यावा, ही अपेक्षा. आणि तो दुय्यम, आतल्या रस्त्यांसाठी आहे, हेही त्या पुस्तिकेतच म्हटलेलं. कागदावर आपला गतिरोधक असा चांगल्या घरचा आहे. प्रत्यक्षात तो कसा जन्मतो, ते पुढे पाहू.

त्याआधी या घराण्याची दुसरी शाखा; ती वॉट्सच्याच सुमारास हॉलंडमध्ये वेगळ्याच मातीत रुजली. १९७१ मध्ये त्या चिमुकल्या देशात रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. फिक लांगनहॉफ या पत्रकाराची मुलगी अशीच एका अपघातात गेली. १९७२ मध्ये त्याने वर्तमानपत्रात लेख लिहिला, मथळा होता ‘बालहत्या थांबवा’. त्या मथळ्याचीच पुढे संघटना झाली, आया रस्त्यावर उतरल्या, मुलांनी रस्ते अडवून त्यांवर खेळ मांडले. डेल्फ्ट शहरात काही रहिवासी आणि नगरपालिकेचे अभियंते यांनी साठच्या दशकाअखेरच गल्ल्या नव्याने मांडून पाहायला सुरुवात केली होती. १९७६ मध्ये डच सरकारने या प्रकाराला कायद्यात जागा दिली. नाव वोनर्फ, म्हणजे राहत्या घरांचं आवार.

डेल्फ्टच्या अशा गल्लीत पाऊल टाकलं की पहिल्यांदा जाणवतं ते फुटपाथचं नसणं. घराच्या उंबऱ्यापासून समोरच्या उंबऱ्यापर्यंत एकच विटांची फरसबंदी. गाड्या लावायच्या जागा एकदा डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, त्यामुळे नजरेला सरळ रेषा सापडतच नाही. मध्येच झाड, पुढे झाडाचा कठडा, त्यावर बसलेलं कुणी. आत शिरतानाच रस्ता थोडा चढतो, म्हणजे चालकाला कळावं की हे आपलं राज्य नव्हे. पादचाऱ्याने सबंध रुंदी वापरावी, मुलांनी तिथे खेळावं आणि मोटारीने चालणाऱ्या माणसाच्या चालीने जावं, असा नियम. इथे उंचवट्याने कंबर मोडण्याची गरज नाही. हँडल इतक्या वेळा फिरवावं लागतं की वेग घेताच येत नाही.

हे चाललं, आणि का चाललं हे विसरता कामा नये. गल्ली लहान होती, वाहनं मोजकी होती, आणि त्यातली बहुतेक तिथेच राहणाऱ्यांची होती. ज्याचं पोर त्या कठड्यावर बसलेलं असायचं, त्याचीच गाडी आत येत होती.

ब्रिटनमध्ये याच काळात तिसरा प्रकार घडत होता. तिथल्या वर्तुळाकार चौकांत आधी आत कोणी शिरायचं याचा नीट नियमच नव्हता, त्यामुळे गर्दीच्या वेळी सगळे आत घुसत आणि चौक गच्च अडकून बसे. १९६६ मध्ये नियम ठरला: वर्तुळात जो आधीच आहे त्याला वाट द्या. एका ओळीचा नियम, पण त्याने गोल चौकाला नवा जन्म दिला. त्यामागे असलेला अभियंता फ्रँक ब्लॅकमोर. याच गृहस्थाने पुढे १९७२ मध्ये स्विंडन शहरात तो प्रसिद्ध चौक साकारला, ज्याचा नकाशा पाहून आजही माणसं डोक्याला हात लावतात. पाच रस्ते येऊन मिळतात, आणि प्रत्येकाच्या तोंडाशी एक छोटं वर्तुळ. अशी पाच वर्तुळं मिळून मध्ये सहावं बनतं. बाहेरून सगळी वाहतूक घड्याळाच्या दिशेने फिरते, आतल्या वर्तुळात मात्र उलट. लोकांनी त्याला लहान मुलांच्या टीव्ही-मालिकेवरून ‘मॅजिक राउंडअबाउट’ म्हणायला सुरुवात केली, आणि शेवटी नगरपालिकेनेही तेच नाव स्वीकारलं.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं इथे दर तासाला कोणी तरी मरत असणार. तसं होत नाही. कारण आत शिरल्यावर दर वीस-तीस पावलांवर पुन्हा थांबून उजवीकडे पाहावं लागतं, पुन्हा वाट द्यावी लागते. वेग येणार कुठून? आणि वेग नसला की चूक झाली तरी ठोकर पत्र्यावर निभावते. अमेरिकेत साध्या गोल चौकांचा हिशोब मांडला गेला आहे. सिग्नलचे किंवा थांबा-पाटीचे २४ चौक गोल केल्यावर पुढच्या काळात एकूण अपघात चाळीस टक्क्यांच्या आसपास घटले, पण माणसं जखमी होणारे अपघात सुमारे तीन-चतुर्थांशाने घटले. फुलीच्या आकाराच्या चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांना छेदतात किंवा मिळतात अशा ३२ जागा असतात, गोल चौकात फक्त आठ; आणि समोरासमोर किंवा काटकोनात आदळण्याची सोयच उरत नाही. ताशी ५० ऐवजी ३० च्या वेगाने गाडी आदळली तर आघाताची ऊर्जा ३६ टक्क्यांवर येते. पादचाऱ्याच्या हाडांना हे गणित पक्कं कळतं.

आपल्याकडेही गोल चौक पुष्कळ आहेत. मध्ये पुतळा असतो, कारंजं असतं, वर्धापनदिनाचा फ्लेक्स असतो. वाट देण्याचा तो एक ओळीचा नियम तेवढा नसतो. मग त्या वर्तुळावर पुन्हा सिग्नल बसवतात आणि सिग्नलखाली मामा उभे करतात.

विचित्र रचनेने वेग कमी होतो, इथवर सगळं ठीक. पण विचित्रपणा किती दिवस टिकतो? याचं उत्तर स्वीडनने नकळत देऊन ठेवलं आहे. ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे पाच वाजता सबंध देशाने रस्त्याची डावी बाजू सोडून उजवी धरली. एका रात्रीत प्रत्येक रस्ता प्रत्येक चालकाला अनोळखी झाला. सगळ्यांना वाटलं आता प्रेतांचा खच पडेल. दुसऱ्या दिवशी, म्हणजे सोमवारी, १२५ अपघातांची नोंद झाली. त्याआधीच्या सोमवारांना तो आकडा १३० ते १९८ च्या दरम्यान असायचा. त्या दिवशी एकही मृत्यू नाही. जो तो घाबरून, डोळ्यांत तेल घालून चालवत होता. मग हळूहळू सवय झाली. विम्याचे दावे पाच-सहा आठवड्यांत पहिल्या पातळीवर आले, आणि मृत्यूंचं प्रमाण दोन वर्षांत. अनोळखीपणाचा फायदा खरा होता, पण तो उधारीचा होता.

हा धडा समोर असताना हान्स मॉन्डरमन या डच अभियंत्याने ऐंशीच्या दशकात उलट वाट धरली. त्याने काही वाढवण्याऐवजी काढून टाकलं. फ्रीसलंड प्रांतातल्या आउडेहास्के या खेड्यात वेग कमी करायचा होता, नेहमीच्या उंचवट्यांनी आणि अडथळ्यांनी भागत नव्हतं. त्याने पाट्या काढल्या, पट्टे पुसले, फुटपाथची कड काढून टाकली, आणि गावातला रस्ता गावासारखा दिसू लागेल असं केलं. वेग चाळीस टक्क्यांहून जास्त उतरला. पुढे द्राख्तेन शहरातल्या लावाइप्लाइन चौकातून त्याने सिग्नल काढले. दिवसाला वीस हजारांहून जास्त वाहनं, शिवाय सायकलींची रीघ. पत्रकार आले की मॉन्डरमन बोलता बोलता पाठमोरा होऊन रहदारीत चालत जाई, आणि गाड्या त्याला वळसा घालून जात. माणसाला मूर्खासारखं वागवलं की तो मूर्खासारखा वागतो, असा त्याचा एकंदर रोख. अनिश्चितता वाटली की माणूस जपून चालवतो, समोरच्याच्या डोळ्यांत बघतो.

कहाणी ऐकायला फार छान आहे, म्हणून ती जगभर गेली. जाता जाता एक गोष्ट गळली. लावाइप्लाइन हा काही निव्वळ मोकळा चौक नव्हे. मध्ये गोल हिरवळ आहे आणि पादचाऱ्यांसाठी झेब्रा क्रॉसिंगही आहे. म्हणजे पाट्या गेल्या, पण ब्लॅकमोरचं वर्तुळ जागेवर राहिलं. मला विचाराल तर निम्मं यश त्या वर्तुळाचं होतं आणि कौतुक मात्र सगळं अनिश्चिततेच्या वाट्याला गेलं.

इंग्लंडने ही कल्पना उत्साहाने उचलली. लंडनच्या एक्झिबिशन रोडवर, बड्या संग्रहालयांच्या दारात, फुटपाथ आणि रस्ता एकाच पातळीवर आणून त्यावर ग्रॅनाइटची चौकटीदार फरशी घातली गेली. २०१२ च्या सुरुवातीला काम पूर्ण झालं. चेशरमधल्या पॉइंटन गावात सिग्नलचा कोंडलेला चौक त्याच वर्षी पाटीविरहित जोड-वर्तुळ झाला. पॉइंटनमध्ये वाहनं खरोखर हळू झाली, दुकानदार सुखावले. पण डोळ्यांत डोळे घालून वाट ठरवायची ही पद्धत ज्याला डोळेच नाहीत त्याने कशी वापरायची, हा प्रश्न कोणी नीट विचारलाच नव्हता. अंध माणूस पांढऱ्या काठीने फुटपाथची कड चाचपत चालतो. ती कड हाच त्याचा नकाशा. ती काढली की सगळा रस्ता मैदान होतो आणि तो मैदानाच्या मध्ये उभा. वाटाड्या कुत्र्यालाही कडेवर थांबायला शिकवलेलं असतं.

ब्रिटिश संसदेचे सदस्य लॉर्ड होम्स स्वतः दृष्टिहीन, आणि पॅरालिम्पिकमधले गाजलेले जलतरणपटू. २०१५ मध्ये त्यांनी अशा सामायिक रस्त्यांविषयी लोकांची मतं गोळा करून अहवाल काढला. उत्तर देणाऱ्यांपैकी ६३ टक्क्यांना अनुभव वाईट आला होता, आणि ३५ टक्के लोक तिकडे फिरकणंच टाळत होते. ही दुसरी संख्या वाचून थांबायला हवं. जो त्या रस्त्याला घाबरून घरी बसला तो अपघाताच्या नोंदीत कधीच येत नाही, आणि कागदावर रस्ता सुरक्षित ठरतो. २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारने एकाच पातळीवरचे नवे सामायिक रस्ते थांबवायला सांगितलं आणि त्याबाबतची आपली मार्गदर्शिका मागे घेतली.

डोळ्यांवर भिस्त ठेवणारा आणखी एक प्रकार आहे, रंगाचा. २००८ मध्ये फिलाडेल्फियात रस्त्यावर त्रिमिती भासणारे खोटे उंचवटे चिकटवले गेले. २०१० मध्ये कॅनडातल्या वेस्ट व्हँकुव्हरमध्ये एका शाळेजवळ रस्त्यावर एक चित्र लावलं: लांबून साधा लांबुळका डाग, जवळ येत गेलं की त्यातून चेंडूमागे धावणारी एक लहान मुलगी उभी राहते, आणि अगदी जवळ पोचलं की पुन्हा विरून सपाट होते. आपल्याकडे २०१६ मध्ये अहमदाबादेत त्रिमिती झेब्रा क्रॉसिंग रंगवले गेले, आणि केंद्रीय रस्तेमंत्री नितीन गडकरींनीही खऱ्या गतिरोधकाऐवजी असे आभासी पट्टे वापरण्याची कल्पना जाहीरपणे मांडली. पुढच्याच वर्षी आइसलंडच्या इसाफ्योर्दुर गावात तसाच तरंगता झेब्रा झाला. दिल्लीतल्या प्रयोगावरून तो सुचला होता. भारताने या घराण्याला दिलेली ही एक देणगी म्हणायची.

देणगी चांगली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. खोटा उंचवटा पहिल्यांदा दिसला की चालक कचकन ब्रेक मारतो, मागचा दुचाकीवाला त्याच्या डिकीत. दुसऱ्यांदा त्याला कळतं की हा नुसता रंग. आणि वेस्ट व्हँकुव्हरच्या त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या माणसाला आपण काय शिकवलं? रस्त्यात मूल दिसलं तर ते चित्र असतं. खऱ्या मुलाच्या वाट्याला याहून वाईट शिकवणी येऊ शकत नाही.

आता आपल्या गल्लीकडे. आपल्याकडे गतिरोधक क्वचितच आराखड्यातून जन्मतो, बहुधा तो रागातून जन्मतो. शाळेसमोर मूल चिरडलं जातं, किंवा फाट्यावर म्हातारा. दोन तास रास्ता रोको. कुणी तरी साहेब येतात, शब्द देतात, आणि रात्री ठेकेदाराचा टेम्पो येऊन खडी-डांबराचा एक ढीग रस्त्यावर आडवा ओतून, रोलर असला तर फिरवून, नसला तर फावड्याने थोपटून निघून जातो. सकाळी तो हातभर रुंद आणि वीतभर उंच उंचवटा काळ्या रस्त्यावर काळाच उभा असतो. पट्टे नाहीत, आधी फलक नाही. वॉट्सने जे करू नका म्हणून सिद्ध केलं, नेमकं ते. रिक्षाची चेसिस घासते, रुग्णवाहिकेतला रुग्ण कण्हतो, एसटी मात्र दणक्यात निघून जाते. हमरस्त्यांवर सलग सहा-सात रम्बलरच्या पट्ट्या असतात. त्यांवर हळू गेलं तर दात वाजतात आणि ऐंशीने गेलं तर काहीच कळत नाही, हे कोणताही ट्रकवाला सांगेल.

आणि तो उंचवटा गटारापाशी हातभर आधी संपतो, पाणी वाहून जावं म्हणून. त्या हातभर फटीतून प्रत्येक दुचाकी निघते. म्हणजे ज्यांच्यासाठी उंचवटा घातला त्या पायी चालणाऱ्यांच्या अंगावरूनच. जी दुचाकी फटीतून जात नाही, तिच्या मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून, मांडीवर मूल घेऊन बसलेली बाई अंधारात त्या ढिगावरून उडते. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या २०१० च्या दशकाच्या मध्यावरच्या अहवालांत गतिरोधकांपाशी झालेले अपघात वेगळे मोजले जात, आणि त्यांतल्या मृत्यूंचा आकडा वर्षाला तीन हजारांच्या वर होता. जीव वाचवायला घातलेल्या वस्तूचा हा हिशोब.

तरीही सगळे गतिरोधक उखडून टाका, असं म्हणणाऱ्यांत मी नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यांतली बहुसंख्य अतिवेगाच्या खात्यात मांडली गेली. रस्ता वाकडा करून वेग उतरवणं सुरक्षित आहे, अट एकच: वाकडेपणा चाकाला आणि हँडलला कळला पाहिजे, नुसता डोळ्याला नव्हे, आणि तो लांबून दिसला पाहिजे. चालकाला कोड्यात पाडून मिळालेली सावधगिरी सवय होईपर्यंत टिकते आणि तिची किंमत अंधाला, म्हाताऱ्याला, मुलाला मोजावी लागते.

म्हणून पुढच्या वेळी सोसायटीचा अर्ज घेऊन नगरसेवकाकडे किंवा वॉर्ड ऑफिसात जाल, तेव्हा ‘स्पीडब्रेकर बसवावा ही विनंती’ एवढ्यावर थांबू नका. रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, पांढरे-काळे पट्टे, ४० मीटर आधी फलक, आणि पाणी जाण्याची फट दुचाकी शिरणार नाही अशी जाळीने झाकलेली, हे सगळं अर्जातच लिहा. काम झालं की बिल निघण्याआधी मोजमापाची टेप घेऊन स्वतः जा.